फोटोत उजेडाच्या कडेला जांभळी किनार का येते? ती कशी टाळायची, कशी काढायची?

पावसाळी दिवस आहे. आभाळ पांढरंफटक झालंय. तुम्ही एखाद्या झाडाखाली उभे राहून वरच्या फांद्यांचा फोटो काढता. स्क्रीनवर फोटो छान दिसतो. घरी आल्यावर तो मोठा करून पाहता, तेव्हा प्रत्येक पानाला आणि काडीला साडीला काठ असावा तशी जांभळी रेघ दिसते. प्रत्यक्षात तिथे जांभळं काहीच नव्हतं.

असं फक्त झाडांच्या बाबतीत होत नाही. लग्नातल्या दागिन्यांवरची चमक, उन्हातली स्टीलची भांडी, पाण्यावरचं चकाकणारं ऊन, पांढऱ्या कुर्त्याची बाही, खिडकीची चौकट, रात्रीचे हेडलाइट असे जिथे खूप उजेड आणि खूप अंधार शेजारी शेजारी येतात, तिथे ही किनार उमटू शकते. मग कुणाला वाटतं फोन बिघडला, कुणी नवी लेन्स शोधू लागतो, आणि कुणी फोटोखाली सरळ ‘एडिटेड आहे’ अशी कमेंट टाकून मोकळा होतो.

ही किनार येते कुठून, ती कशी टाळता येते, आलीच तर कशी काढायची आणि कधी तिच्याकडे दुर्लक्ष करायचं, हे या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- काच वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाला थोडं थोडं वेगळं वाकवते. त्यामुळे सगळे रंग एकाच जागी नेमके जुळत नाहीत.
- उजळ भाग सेन्सरच्या क्षमतेपेक्षा जास्त उजळ झाला की एरवी न दिसणारी रंगीत कड ठळक होते.
- फोटो काढताना एक्स्पोजर थोडं कमी ठेवणं हा सर्वात सोपा उपाय आहे. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर बदलता येत असेल तर ते थोडं लहान करावं.
- आलेली किनार बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने काढता येते. मात्र खऱ्या जांभळ्या वस्तूंचा रंग जाणार नाही हे पाहावं लागतं.
- रंगीत किनार दिसणं हा फोटो खोटा असल्याचा पुरावा नाही.

काच रंगांना वेगवेगळं का वाकवते?

शाळेत लोलकाचा प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो. पांढरा प्रकाश एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने सात रंगांचा पट्टा बाहेर पडतो. काचेत शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाश वाकतो. निळा-जांभळा जास्त वाकतो, लाल कमी वाकतो. विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रकाशाचं अपस्करण म्हणतात.

कॅमेऱ्याची लेन्स हीसुद्धा काचच. मोबाइलमध्ये बहुतेक वेळा प्लास्टिकची भिंगं असतात, पण नियम तोच. त्यामुळे लेन्समधून येणारा निळा प्रकाश थोडा अलीकडे एकत्र येतो आणि लाल थोडा पलीकडे. सेन्सर मात्र एका ठरलेल्या जागी असतो. एक रंग तिथे नेमका जुळला, तर दुसरा किंचित पसरट पडतो.

हा फरक किती असतो? लेन्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्राउन काचेचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी सुमारे १.५२२ आणि लाल प्रकाशासाठी सुमारे १.५१४ असतो. आकडे अगदी जवळचे वाटतात. पण या काचेचं ५० मिलिमीटर फोकल लांबीचं एकच साधं भिंग घेतलं, तर निळा आणि लाल यांच्या फोकसमध्ये जवळजवळ पाऊण मिलिमीटरचं अंतर पडतं. सेन्सरवरचा एक पिक्सेल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजला जातो, हे लक्षात घेतलं की पाऊण मिलिमीटर किती मोठा फरक आहे ते कळतं.

या दोषाला इंग्रजीतून आलेलं नाव आहे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन. पारिभाषिक मराठीत वर्णविपथन. चांगल्या लेन्समध्ये वेगवेगळ्या प्रकारची अनेक भिंगं एकापुढे एक बसवून तो बराच कमी केलेला असतो. पूर्ण नाहीसा मात्र सहसा होत नाही.

हा दोष दोन तऱ्हांनी दिसतो

पहिली तऱ्हा आडवी. यात सगळे रंग सेन्सरवर जुळतात, पण प्रत्येक रंगाची प्रतिमा थोडी लहान-मोठी पडते. समजा, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे आणि लाल प्रतिमा निळीपेक्षा फक्त ०.०५ टक्के मोठी पडली. मध्यभागी काहीच फरक दिसणार नाही. पण कोपरा मध्यापासून सुमारे ३६०० पिक्सेल लांब असतो. तिथे दोन्ही रंग जवळजवळ २ पिक्सेलने सरकलेले दिसतील. म्हणून ही किनार कोपऱ्यांत आणि कडांना दिसते. वस्तूच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या विरुद्ध रंग, उदाहरणार्थ एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळसर हिरवा, अशी तिची ओळख.

दुसरी तऱ्हा उभी, म्हणजे लेन्सच्या अक्षावरची. यात रंगांचे फोकस मागे-पुढे पडतात. ही किनार फोटोत कुठेही, अगदी मध्यभागीही येऊ शकते. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सने जवळून फोटो काढला तर ती लगेच कळते. फोकसच्या अलीकडच्या वस्तूंना गुलाबीसर जांभळी कड येते आणि पलीकडच्या वस्तूंना हिरवट.

उजळ भागांभोवती दिसणारी जांभळी किनार मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेतून येते. पण तिला आणखी एक गोष्ट साथ देते, ती म्हणजे अति उजेड.

किनार उजळ जागेभोवतीच का दिसते?

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक पेला समजा. त्यात प्रकाश भरत जातो. पेला भरला की पुढे कितीही ओतलं तरी तो ‘भरलेला’ एवढंच सांगू शकतो. फोटोत अशी जागा पांढरीफटक दिसते.

आता सोयीसाठी काही आकडे धरू. पेल्याची क्षमता १०० आहे. आभाळाचा एक तुकडा इतका उजळ आहे की खरं मोजमाप ५००० भरलं असतं. लेन्समधल्या दोषामुळे त्या उजेडातला फक्त १ टक्का जांभळा प्रकाश शेजारी सांडला. १ टक्का म्हणजे अगदीच क्षुल्लक वाटतं. पण ५००० चा १ टक्का म्हणजे ५०. शेजारी गडद पान आहे आणि त्याचा स्वतःचा उजेड जेमतेम ५ आहे. त्या पानाच्या कडेवर ५० इतका जांभळा प्रकाश पडला, तर तो दिसणारच.

आभाळ १०० च्या आत असतं तर हाच सांडलेला प्रकाश १ पेक्षा कमी भरला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. म्हणजे दोष लेन्सचा असला तरी तो ठळक होतो अति एक्स्पोजरमुळे. आणि एक्स्पोजर आपल्या हातात असतं.

आणि ती जांभळीच का?

याला दोन कारणं आहेत.

पहिलं, लेन्स तयार करताना मधल्या रंगांना, विशेषतः हिरव्याला, जास्त महत्त्व दिलं जातं. आपल्या डोळ्याला सर्वाधिक तपशील तिथेच जाणवतो. पट्ट्याची दोन टोकं, म्हणजे एकीकडे जांभळा-निळा आणि दुसरीकडे गडद लाल, त्यामुळे थोडी मागे राहतात. कडेवर हिरवा नेमका जुळतो आणि निळा व लाल मिळून बाहेर पसरतात. निळा अधिक लाल म्हणजे जांभळट किंवा गुलाबीसर जांभळा.

दुसरं कारण सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांचं. सेन्सरला मुळात रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून पिक्सेलवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसवतात. सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी तयार केली. तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. या मांडणीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. प्रत्येक पिक्सेलवर एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. जिथे उजेड एकदम बदलतो तिथे हा अंदाज चुकू शकतो आणि आधीच असलेल्या रंगीत कडेत थोडी भर पडते.

जुन्या सीसीडी सेन्सरमध्ये भरलेल्या पिक्सेलमधला विद्युतभार शेजारच्या पिक्सेलमध्ये ओसंडत असे. आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये हा प्रकार खूपच कमी झाला आहे. त्यामुळे ‘सेन्सर खराब झालाय’ असं लगेच समजू नका.

तुमच्या फोटोत नेमकं काय झालंय?

उपाय करण्याआधी प्रकार ओळखा. फोटो पूर्ण मोठा करून चार गोष्टी पाहा.

- फक्त कोपऱ्यांत, दोन बाजूंना दोन वेगळे रंग: ही आडवी किनार. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जाते.
- फोकसच्या अलीकडे जांभळट, पलीकडे हिरवट: ही अक्षावरची किनार. अ‍ॅपर्चर लहान केल्यावर कमी होते.
- पांढऱ्याफटक जागेभोवती, सगळीकडून जांभळी रेघ: उजळ भागाची जांभळी किनार. एक्स्पोजर कमी करणं हा मुख्य इलाज.
- दिवा किंवा सूर्यापासून लांबवर पसरलेला जांभळा धूसर पट्टा किंवा ठिपका: ही किनार नाही, फ्लेअर आहे. लेन्समध्ये शिरलेला तिरपा उजेड आतल्या आत परावर्तित होऊन असं होतं.

शेवटच्या प्रकारावरून २०१२ मध्ये बराच गाजावाजा झाला होता. आयफोन ५ नुकताच बाजारात आला होता आणि प्रखर दिव्याजवळ जांभळी झाक येते अशा तक्रारी आल्या. तेव्हा अ‍ॅपलने सांगितलं की चौकटीबाहेरचा प्रखर उजेड विशिष्ट कोनातून आल्यास बहुतेक लहान कॅमेऱ्यांत अशी झाक दिसू शकते. कॅमेरा किंचित हलवा किंवा हाताने लेन्सवर सावली धरा, असा उपायही त्यांनी सुचवला. हा उपाय आजही कुठल्याही फोनला लागू पडतो.

फोटो काढताना काय कराल?

*मोबाइलवर*

१. आधी लेन्स पुसा. बोटांचा तेलकट डाग उजेड पसरवतो. लेन्सवर स्वस्तातलं संरक्षक कव्हर लावलं असेल तर ते काढून एक फोटो घेऊन पाहा. बऱ्याचदा निम्मा गोंधळ तिथेच असतो.

२. स्क्रीनवर उजळ भागाला टॅप करा आणि एक्स्पोजरची पट्टी खाली ओढा. आभाळात थोडा करडेपणा किंवा ढगांचा आकार दिसू लागला की थांबा. गडद भाग नंतर उजळवता येतो, पांढराफटक झालेला भाग परत आणता येत नाही.

३. एचडीआर चालू ठेवा. यात फोन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या किंवा कमी एक्स्पोजरच्या अनेक चौकटी जुळवून उजळ भाग सांभाळतो.

४. अल्ट्रावाइडऐवजी मुख्य कॅमेरा वापरा. अल्ट्रावाइडच्या कोपऱ्यांत रंगीत कडा जास्त येतात. तोच वापरायचा असेल तर फांद्या, तारा, खांब अशा गोष्टी चौकटीच्या मध्याकडे घ्या.

५. उजेड अंगावर येत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. झाडाच्या खोडाआड, छत्रीआड किंवा भिंतीच्या सावलीत उभं राहिलं तरी फरक पडतो.

बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, ते बदलता येत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसणारा ‘एफ’चा आकडा हा सॉफ्टवेअरने केलेल्या धूसरपणाचा असतो. तो बदलून ही किनार जात नाही.

*कॅमेऱ्यावर*

१. अ‍ॅपर्चर लहान करा. एफ/१.८ वर दिसणारी जांभळी किनार एफ/४ किंवा एफ/५.६ वर बरीच ओसरते. मात्र कोपऱ्यांतली आडवी किनार अ‍ॅपर्चरने फारशी बदलत नाही.

२. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ किंवा उणे १ ठेवा. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते पाहा. हायलाइटचा इशारा चालू केला तर जळालेली जागा स्क्रीनवर लुकलुकते.

३. रॉमध्ये फोटो घ्या. सावल्या उजळवायला आणि कडा दुरुस्त करायला जास्त वाव राहतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. आजचे अनेक कॅमेरे जेपीईजी बनवतानाच आडवी किनार परस्पर काढून टाकतात. रॉमध्ये ती तशीच असते. त्यामुळे ‘जेपीईजी स्वच्छ आणि रॉ खराब’ असं दिसलं तर घाबरू नका.

४. लेन्स हूड लावा. तो फ्लेअर आणि धूसरपणा कमी करतो. यूव्ही फिल्टरकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील प्रकाश अडवणारा थर सहसा आधीच असतो. उजेडासमोर फोटो काढताना जादाची काच उलट नवं परावर्तन आणू शकते.

५. झूम लेन्स असेल तर अगदी टोकाच्या फोकल लांबीऐवजी थोडं अलीकडे येऊन पाहा. अनेक झूम लेन्समध्ये हा दोष टोकांना जास्त असतो.

फोटो काढून झाला. आता काय?

*लाइटरूममध्ये*

‘लेन्स करेक्शन्स’ विभागात ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन’ या पर्यायावर खूण करा. कोपऱ्यांतली आडवी किनार यानेच जाते. त्यानंतरही उजळ भागाभोवती जांभळं उरलं असेल तर ‘मॅन्युअल’मध्ये जा. तिथे ‘डिफ्रिंज’खाली जांभळ्यासाठी आणि हिरव्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. ‘अमाउंट’ म्हणजे किती काढायचं आणि ‘ह्यू’ म्हणजे कोणत्या छटेपासून कोणत्या छटेपर्यंत.

सोपा मार्ग म्हणजे तिथलं ड्रॉपर उचला, फोटो खूप मोठा करा आणि थेट जांभळ्या रेघेवर क्लिक करा. सॉफ्टवेअर छटा आपोआप ओळखतं. ‘अमाउंट’ ० ते २० पर्यंत जातं. ३-४ पासून सुरुवात करा आणि किनार दिसेनाशी झाली की तिथेच थांबा. मोबाइलवरच्या लाइटरूममध्ये ‘ऑप्टिक्स’ विभागात किनार काढण्याचा मुख्य पर्याय मिळतो.

*पैसे न भरता*

रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत. रॉथेरपीमध्ये रॉ विभागात क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची स्वयंचलित दुरुस्ती आहे आणि डिटेल विभागात ‘डिफ्रिंज’ आहे. डार्कटेबलमध्ये ‘क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स’ नावाचं स्वतंत्र मॉड्यूल आहे.

*गिंपमध्ये हाताने*

१. फोटोच्या लेयरची प्रत करा.
२. प्रतीवर ‘ह्यू-सॅच्युरेशन’ उघडा. मॅजेंटा निवडा आणि सॅच्युरेशन खाली आणा. गरज पडली तर निळ्याचंही थोडं कमी करा. किनार करडी झाली की थांबा.
३. या लेयरला काळा मास्क लावा. आता बदल दिसेनासा होईल.
४. लहान, मऊ ब्रश घ्या आणि पांढऱ्या रंगाने मास्कवर फक्त त्या कडांवरून फिरवा. जिथे ब्रश फिरेल तिथेच किनार जाईल.

वेळ लागतो, पण बाकीच्या फोटोला धक्का लागत नाही.

*फक्त फोन हाताशी असेल तर*

स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये ब्रश घ्या, सॅच्युरेशन उणे करा, फोटो मोठा करा आणि कडांवरून बोट फिरवा. जांभळ्याऐवजी करडी रेघ राहते. ती डोळ्याला खुपत नाही.

दुरुस्ती करताना होणाऱ्या चुका

सर्वात मोठी चूक म्हणजे पट्टी शेवटपर्यंत ओढणे. सॉफ्टवेअरला ‘ही लेन्सची चूक’ आणि ‘हा खरा रंग’ यातला फरक कळत नाही. ते फक्त कडेवरचा जांभळा शोधतं. जांभळ्या पैठणीच्या निऱ्या, वांग्याची साल, जांभळं, कृष्णकमळ, निऑनची पाटी या सगळ्यांच्या कडा त्यात करड्या होऊन जातात. लग्नाच्या फोटोत तर ही चूक महागात पडते. अशा वेळी पूर्ण फोटोवर दुरुस्ती लावू नका. ब्रश किंवा मास्कने फक्त दागिन्याची चमक, खिडकी किंवा बाही एवढाच भाग निवडा.

दुसरी चूक म्हणजे आधी शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्ट वाढवणे. त्यामुळे रंगीत कडही धारदार होते आणि काढणं अवघड जातं. किनार आधी काढा, बाकी सजावट नंतर.

तिसरी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत दुरुस्त करत बसणे. जेपीईजीमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. पुन्हा पुन्हा आकुंचन झालं की किनार शेजारच्या ठिपक्यांत मिसळते. मूळ फाइल मिळवा आणि तिच्यावरच काम करा.

थांबा, दुरुस्तीची खरंच गरज आहे का?

फोटो सोशल मीडियावरच टाकायचा असेल तर एक साधा हिशेब करा. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा केला की तो साडेपाच पटींनी लहान होतो. २ पिक्सेलची किनार तिथे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी उरते. ती कुणालाही दिसत नाही.

त्यामुळे आधी फोटो पोस्टच्या आकाराचा करून पाहा. किनार दिसली नाही तर सोडून द्या. मोठी छपाई करायची असेल, फोटोचा लहान तुकडा कापून वापरायचा असेल किंवा किनार चेहऱ्यावर, केसांवर, चष्म्याच्या चौकटीवर आली असेल, तर मात्र दुरुस्ती करा.

कडेला रंग दिसतो म्हणजे फोटो खोटा आहे का?

नाही. हा गैरसमज सोशल मीडियावर फार सहज पसरतो. एखाद्या सभेचा किंवा अपघाताचा फोटो येतो. उजळ आभाळापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला जांभळी रेघ असते. कुणीतरी तिच्याभोवती लाल गोल काढतो आणि लिहितो, ‘बघा, माणूस चिकटवलाय.’ खरा फोटो काढणारा खोटारडा ठरतो.

असा फोटो समोर आला तर त्याच चौकटीतल्या बाकीच्या कडा पाहा. विजेच्या तारा, पानं, खिडक्या, इतर माणसं यांच्या उजळ कडांवरही तशीच जांभळी झाक असेल, तर ती लेन्सची देणगी आहे. सगळा फोटो स्वच्छ आणि एकाच माणसाभोवती वेगळ्या रंगाची कड असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तरीही तेवढ्यावर निकाल देऊ नका. पोर्ट्रेट मोड आणि एचडीआरमुळेही माणसाभोवती विचित्र कडा उमटतात.

गंमत म्हणजे हाच दोष खोटे फोटो पकडायलाही वापरता येतो. कोपऱ्यांतली आडवी किनार मध्यापासून बाहेरच्या दिशेने ठरावीक पद्धतीने वाढत जाते. दुसऱ्या फोटोतून कापून आणलेला भाग या पद्धतीत बसत नाही. मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २००६ मध्ये याच कल्पनेवर बनावट फोटो ओळखण्याची पद्धत मांडली होती. ती मोजमापावर चालते, डोळ्यांच्या अंदाजावर नाही. आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या प्रतीत असं मोजमाप करणं फार कठीण जातं.

साडेतीनशे वर्षांची डोकेदुखी

हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्यापेक्षा खूप जुना आहे. सतराव्या शतकात दुर्बिणीतून ग्रह पाहणाऱ्यांना त्यांच्याभोवती रंगीत कडा दिसत. त्या कमी करण्यासाठी लोक प्रचंड लांबीच्या दुर्बिणी बांधत. आयझॅक न्यूटन यांना वाटलं की भिंगांतला हा दोष जाणारच नाही. म्हणून त्यांनी १६६८ मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरून दुर्बीण बनवली. आरसा सगळ्या रंगांना सारखंच परावर्तित करतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. आजच्या मोठ्या दुर्बिणींतही आरसेच असतात.

न्यूटन यांचा अंदाज मात्र पुढे चुकीचा ठरला. १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्लिश वकिलाने दोन वेगवेगळ्या काचांची भिंगं जोडून रंगांचा फरक बराच कमी करून दाखवला. एका काचेची चूक दुसरी काच भरून काढते, ही त्यामागची युक्ती. १७५८ मध्ये जॉन डॉलंड यांनी अशा जोडभिंगाचं पेटंट घेतलं. डॉलंड पूर्वी रेशीम विणण्याच्या धंद्यात होते. १८८६ मध्ये अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकासाठी आणखी सुधारित भिंगं आणली. त्यांत फ्लोराइट हे खनिज वापरलं होतं, कारण ते रंगांना काचेपेक्षा खूप कमी फोडतं. १९६९ मध्ये कॅननने फ्लोराइटचं भिंग असलेली ३०० मिलिमीटरची कॅमेरा लेन्स बाजारात आणली.

आज लेन्सवर ईडी, यूडी किंवा अ‍ॅपो अशी अक्षरं दिसतात. ती साधारण याच कामाची ग्वाही देतात. रंग कमी फोडणारी काच वापरली आहे किंवा रंग जास्त काळजीने जुळवले आहेत, असा त्यांचा अर्थ.

नेहमी पडणारे प्रश्न

किनार येते म्हणून नवा फोन किंवा लेन्स घ्यावी का?
फक्त एवढ्यासाठी घेऊ नका. आधी एक्स्पोजर कमी करून आणि लेन्स पुसून पाहा. लग्नं, दागिने किंवा पक्षी यांचं काम रोजचं असेल आणि दर फोटोत दुरुस्तीला वेळ जात असेल, तर चांगल्या काचेच्या लेन्सवरचा खर्च वसूल होतो.

चंद्राच्या फोटोत एका कडेला लाल आणि दुसरीकडे निळसर का दिसतं?
चंद्र क्षितिजाजवळ असेल तर हे वातावरणाचंही काम असू शकतं. हवासुद्धा रंगांना किंचित वेगळं वाकवते. खालची कड लालसर आणि वरची निळसर-हिरवी दिसत असेल तर आधी हवेवर शंका घ्या. चंद्र वर आल्यावर पुन्हा फोटो काढून पाहा.

चष्म्याच्या कडेतून ट्यूबलाइट पाहिल्यावर रंग दिसतात, तेही हेच का?
हो. विशेषतः पॉलिकार्बोनेटच्या काचांतून. हे प्लास्टिक मजबूत आणि हलकं असतं, पण साध्या प्लास्टिकच्या भिंगांपेक्षा रंग जास्त फोडतं.

मग डोळ्यांना एरवी असं का दिसत नाही?
डोळ्याच्या भिंगातही हा दोष आहे. पण आपण जिथे नजर रोखतो त्या मधल्या भागात निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात आणि तिथलं पिवळं रंगद्रव्य निळा प्रकाश थोडा गाळून टाकतं. उरलेली सफाई मेंदू करतो.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला तर?
रंग जातो, म्हणून किनारही नाहीशी झाल्यासारखी वाटते. पण तिथला उजेड राहतो आणि कड थोडी मऊ दिसते. एखादा फोटो वाचवायचा असेल तर हा मार्ग चांगला आहे.

पुढच्या वेळी पांढऱ्या आभाळापुढे झाडाचा फोटो काढाल तेव्हा दोन फोटो घ्या. एक नेहमीसारखा आणि दुसरा एक्स्पोजरची पट्टी थोडी खाली ओढून. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवा आणि एकाच फांदीवर झूम करा. किनार किती तुमच्या लेन्सची होती आणि किती उजेडाची, हे लगेच कळेल.